भिंतीकडेच्या धुळीतले खड्डे

प्रश्न : घराजवळ सहज फिरताना जुन्या भिंतीच्या कडेला, कोरड्या धुळीत नरसाळ्यासारखे दहा-बारा खड्डे दिसले. पाऊस तर नव्हता. मग हे काय?

उत्तर : हे मुंगीसिंह या कीटकाच्या अळीचे सापळे. कोरडी माती जेमतेम टिकेल एवढाच उतार ती ठेवते, म्हणून मुंगीचा पाय पडताच कण घसरतात. अळी तळाशी पुरलेली असते, फक्त चिमट्यासारखे जबडे उघडे. मुंगी वर चढू लागली की डोक्याने माती उडवून ती तिला खाली आणते, रस शोषते आणि रिकामं कवच बाहेर फेकते. काठाशी अशी कवचं सापडली तर शंकाच नको. खड्डे छताखाली किंवा आडोशालाच सापडतात, कारण ओली माती घसरत नाही.

घरात कोणी आहे का, हे पाहायला गवताच्या काडीने दोन-चार कण तळाशी पाडा. खालून माती उडाली तर आहे. बोट मात्र घालू नका. खड्डा मोडतो आणि अळी आणखी खोल जाते. चमचा तळाच्या 2-3 सेंटिमीटर खालून घालून उचला, माती कागदावर पसरा. अंगाला धूळ चिकटलेली अळी निपचित पडून राहते, खड्यासारखीच दिसते, त्यामुळे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दोन-तीन मिनिटं थांबा. हललेला खडा उलटा, पाठीमागे सरकतो!

खणणं पाहायचं असेल तर वाटीत 5 सेंटिमीटर चाळलेली, पूर्ण कोरडी माती घ्या. अळी मागे सरकत गोल गोल फिरते आणि वर्तुळ आत आत घेते. ओलसर किंवा जाड कणांच्या मातीत ती खणत नाही. एका वाटीत एकच ठेवा, नाहीतर एक दुसरीला खाते. दुसऱ्या दिवशी जिथून आणली तिथेच सोडा.

मोठेपणी ती चतुरासारखी दिसते, पण मिशा ठळक आणि टोकाशी जाड असतात.

प्रश्न : त्याच वाटेवर गुलाबाच्या पानांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या अर्धगोल दिसल्या. कीड म्हणून फवारणी करावी का?

उत्तर : अजिबात नको. पान कापणारी एकांडी मधमाशी हे तुकडे नेऊन पिल्लांच्या कोठड्यांना अस्तर लावते. पान ती खात नाही. सुरवंटाने खाल्लेली कड वेडीवाकडी असते आणि जवळ विष्ठेचे काळपट दाणे सापडतात.