अमेरिकेतून लंडनला आल्यावर किराणा कसा जुळवाल?

ग्रॅहम क्रॅकर्स (तिकडची गोडसर बिस्किटं) शोधत दुकानं पालथी घालू नका. चीजकेकच्या तळाला डायजेस्टिव्ह बिस्किटं घ्या. त्यांत मुळातच स्निग्धता जास्त, म्हणून लोणी थोडं कमी. ऑल पर्पज मैद्याऐवजी प्लेन फ्लॉवर. चुकून सेल्फ रेझिंग उचलू नका, त्यात बेकिंग पावडर असते.

क्रीमकडे मात्र नीट लक्ष द्या. तिकडच्या हेवी क्रीममध्ये साधारण 36 टक्के फॅट, इथल्या डबल क्रीममध्ये 48 च्या आसपास. फेटताना ते बघता बघता घट्ट होऊन फाटतं. व्हिपिंग क्रीम जवळचं. कॉफीतल्या हाफ अँड हाफला (तिकडचं दूध-क्रीमचं मिश्रण) सिंगल क्रीममध्ये दूध मिसळा, छान जमतं.

थँक्सगिव्हिंगला ग्रीन बीन कॅसरोल, म्हणजे मशरूम सूपमध्ये भाजलेल्या हिरव्या शेंगा, हवाच ना? (1955 मध्ये न्यू जर्सीत कॅम्पबेल या सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात जन्मलेला पदार्थ!) इथलं डब्यातलं नेहमीचं मशरूम सूप तयार, पातळ असतं, त्याने शेंगा पाण्यात पोहतात. डब्यावर ‘कंडेन्स्ड’ लिहिलेलं बघूनच घ्या. वरचा तळलेला कांदा सहज मिळतो.

स्टफिंगला (टर्कीसोबतचं पावाचं सारण) पॅक्सो हे इथलं तयार मिश्रण चालेल, पण पावाचे तुकडे हाताला लागणार नाहीत, चुरा बारीक असतो. मी तर शिळा पाव चिरून, भाजून, सेज घालून घरीच करते. जेलीच्या वड्या घेताना शाकाहारी असाल तर जिलेटिन (ते प्राण्यांपासून बनतं) आहे का ते वाचा.