तिथंच तर गोम आहे! : कांतिन्फ्लासविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' (1956) या चित्रपटात नायकाचा नोकर पासपार्तू याचं काम करणारा कांतिन्फ्लास हा स्पॅनिश जगातला फार मोठा विनोदी नट होता, असं वाचलं. म्हणून चित्रपट पाहिला. माणूस गोड आहे, चपळ आहे, पण एवढं नाव व्हावं असं काही दिसलं नाही. आमचं काही चुकतंय का?

उत्तर : चुकत काहीच नाही. तुम्ही त्याला जीभ बांधलेल्या अवस्थेत पाहिलंत. कांतिन्फ्लास म्हणजे मेक्सिको सिटीचा मारिओ मोरेनो (12 ऑगस्ट 1911 – 20 एप्रिल 1993). त्याचं सगळं बळ बोलण्यात होतं, आणि ते बोलणं स्पॅनिश होतं. इंग्रजीत त्याच्या वाट्याला तुटक वाक्यं आली, त्यामुळे उरलं ते फक्त अंग. ते अंगही काही कमी नव्हतं. स्पेनमधला बैलझुंजीचा प्रसंग पुन्हा पाहा. गंमत म्हणून बैलासमोर उतरणं ही त्याची मेक्सिकोतली जुनी कला होती, म्हणूनच तो प्रसंग एवढा सहज झाला आहे. फुग्यातून जाताना डोंगरमाथ्यावरचा बर्फ हात लांबवून उचलतो, ते पाहा. या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोब मिळालं. स्पॅनिश देशांत तर जाहिरातीत त्याचं नाव सर्वांत वर होतं. पण त्यानंतर 1960 साली आलेला 'पेपे' हा त्याचा हॉलिवूडपट पडला. डझनावारी पाहुणे कलाकार, तीन तासांहून जास्त लांबी, आणि मधोमध भाबडा, आज्ञाधारक मेक्सिकन नोकर. घरच्या चित्रपटांत कांतिन्फ्लास कधीच कुणाची आज्ञा सरळ पाळत नाही. तेच काढून घेतल्यावर त्याच्यात राहिलं काय?

प्रश्न : त्याची बोलण्याची ढब नेमकी कशी असते? एकांकिकेत तसं पात्र बसवायचं आहे. आम्ही निरर्थक बडबड लिहून पाहिली, पण हशा येत नाही.

उत्तर : निरर्थक लिहिलीत म्हणूनच येत नाही. त्याच्या बोलण्यात प्रत्येक तुकडा अर्थपूर्ण असतो, फक्त तुकड्यांचा एकमेकांशी सांधा जुळत नाही. सुरुवात ठाम होते, जणू आता खुलासा येणार. मग 'म्हणजे', 'पण', 'आता बघा' अशा जोडशब्दांवर वाक्य वळतं आणि शेवटाला न पोचताच दुसरं सुरू होतं. मध्येच तो समोरच्याचं म्हणणं मान्य करून टाकतो, त्यामुळे वाद घालायला जागाच उरत नाही. आणि शेवटी प्रश्न विचारणाऱ्याच्याच गळ्यात येतो. हा साचा मराठीत उतरवून पाहा. संवाद आमचा, त्याचा नव्हे :

'मी तिथं नव्हतोच साहेब. म्हणजे नव्हतो असं नाही, पण असतो तर दिसलो असतो, आणि दिसलो असतो तर तुम्ही हे विचारलंच नसतं, कारण तुम्ही हुशार आहात, ते मी नाही म्हणतच नाही. पण तू मला सांग, आपल्या दोघांपैकी तिथं नक्की कोण नव्हतं?'

यातलं 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरणं मुद्दाम ठेवलं आहे. स्पॅनिशमध्ये मानाचा शब्द 'उस्तेद' आणि सलगीचा चक्क 'तू'च. कांतिन्फ्लास एकाच दमात एकावरून दुसऱ्यावर जातो, आणि समोरचा फौजदार किंवा शेठ नकळत एक पायरी खाली येतो.

बसवताना तीन चुका हमखास होतात. पहिली, नट हसू दाबत बोलतो. या पात्राला आपण अगदी मुद्द्याचं बोलतोय याची खात्री असली पाहिजे. दुसरी, वेग सुरुवातीपासून सारखाच ठेवतात. आरंभ संथ हवा, कोंडी वाढेल तसा वेग वाढावा. तिसरी चूक सर्वांत मोठी : समोर कुणी अधिकारी नसतो. पोलीस, न्यायाधीश, घरमालक असं कुणीतरी उत्तर मागणारं हवंच. उत्तर टाळण्याची गरज नसेल तर ती नुसती बडबड.

प्रश्न : वेशभूषेत काय काय लागतं?

उत्तर : जुनी, लांब बाह्यांची आतली बंडी. गळ्यात रुमाल. डोक्याला लहान पडणारी चुरगळलेली टोपी. कमरेखाली घसरलेली, दोरीने बांधलेली ठिगळाची पँट. मिशी मधून सफाचट, फक्त ओठांच्या दोन टोकांना झुपके. आणि खांद्यावर एक फाटकं चिरगुट, ज्याला तो मोठ्या ऐटीत 'गाबार्दिना' म्हणजे रेनकोट म्हणतो! ते चिरगुट विसरू नका. अंगावर धड कपडा नाही, पण सन्मान सोडायचा नाही, हे सगळं त्या एका चिंधीत आहे. मेक्सिको सिटीतल्या अशा कफल्लक माणसाला 'पेलादो' म्हणत, शब्दशः सोललेला. भद्र लोकांच्या तोंडी ती शिवी होती. चित्रकार दिएगो रिवेराने तिथल्या इन्सुर्खेन्तेस नाट्यगृहाच्या दर्शनी भागावर 1953 मध्ये जे भव्य चित्र केलं, त्यात श्रीमंतांकडून घेऊन गरिबांना देणारा कांतिन्फ्लास मधोमध उभा आहे.

प्रश्न : तो अभिनय कुठे शिकला? आणि हे नाव कसं पडलं?

उत्तर : शिक्षण तंबूत. तिथं त्याला 'कार्पा' म्हणतात : ताडपत्रीचं छत, लाकडी बाकं, आणि 'तांदा' म्हणजे छोट्या छोट्या खेळांची रांग. वडील टपालखात्यात, वस्ती तेपितोसारख्या गरीब भागातली. तंबूतला प्रेक्षक आवडलं नाही तर तिथंच ओरडून सांगतो. त्यामुळे हजरजबाबीपणा नसेल तर दुसऱ्या दिवशी काम नाही. वालेन्तिना ही बायकोही अशाच एका तंबूच्या घरातली. नावाबद्दल आख्यायिका बऱ्याच आहेत. दारूच्या गुत्त्यावरून, 'कांतिना'वरून, कुणीतरी मारलेला टोमणा चिकटला, ही त्यातली एक.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी? स्पॅनिश येत नाही.

उत्तर : 'आई एस्ता एल देताये' (1940, दिग्दर्शक हुआन बुस्तियो ओरो) यापासूनच. शीर्षकाचा अर्थ 'तिथंच तर गोम आहे'. मोलकरणीकडून जेवण मिळावं म्हणून हा पठ्ठ्या मालकाचा पिसाळलेला कुत्रा मारतो. कुत्र्याचं नाव बॉबी. नेमका त्याच नावाचा एक गुंड मारला जातो, आणि कोर्टात प्रश्न येतो, बॉबीला तू मारलंस का? तो म्हणतो, हो, मारलं की! एका कुत्र्यासाठी एवढं कोर्ट कशाला, हे त्याला कळत नाही. खटला पुढे जातो तसे सरकारी वकील, बचावाचा वकील, खुद्द न्यायाधीश, सगळे त्याच्यासारखंच बोलू लागतात. हा प्रसंग दोनदा पाहा. एकदा खालची अक्षरं झाकून, फक्त सूर ऐकत, मग अक्षरांसह. उपशीर्षक लिहिणारे बहुधा तुटकी वाक्यं पूर्ण करून टाकतात आणि त्यातच विनोद मरतो. कानाने ऐकलं की वाक्य कुठे अर्धवट सुटलं ते समजतं. डब केलेली प्रत तर नकोच.

त्यानंतर पोलीस झालेला कांतिन्फ्लास, 'एल खेन्दार्मे देस्कोनोसिदो' (1941). त्याचा दिग्दर्शक मिगेल देल्गादो पुढे अखेरपर्यंत त्याच्याबरोबर राहिला. मग 'एल बोलेरो दे राकेल' (1957). मेक्सिकोत बूटपॉलिशवाल्याला 'बोलेरो' म्हणतात आणि संगीतकार रावेलचं 'बोलेरो' प्रसिद्धच. दोन्हींचा श्लेष शीर्षकात आहे. त्या संगीतावरचा त्याचा नाच समजायला भाषा लागत नाही. 1960 नंतरचे चित्रपट शेवटी ठेवा. पाद्री, डॉक्टर, राजदूत, मास्तर अशा भूमिकांत तो उपदेश करू लागला. 'सु एक्सेलेन्सिया'च्या (1967) शेवटचं लांबलचक भाषण मनापासूनचं आहे, पण त्यातली वाक्यं पूर्ण होतात, आणि वाक्य पूर्ण झालं की तो कांतिन्फ्लास राहत नाही.

प्रश्न : त्याच्या नावाचं क्रियापद झालं, हे खरं का?

उत्तर : खरं. 'कांतिन्फ्लेआर', खूप बोलून काहीच न सांगणं. स्पॅनिश अकादमीच्या कोशाच्या 1992 च्या आवृत्तीत तो शब्द आला, म्हणजे त्याच्या हयातीत. राजकारणात त्याचं नाव मात्र त्याच्या कितीतरी आधी पोचलं होतं. 1937 मध्ये मोरोनेस या कामगार पुढाऱ्याने जाहीर वादाचं आव्हान दिलं, तेव्हा लोम्बार्दो तोलेदानो या प्रतिस्पर्ध्याने उत्तर दिलं, की वादच घालायचा असेल तर कांतिन्फ्लासशी घाला. यावर कांतिन्फ्लासने एका साप्ताहिकात आपलं म्हणणं छापलं, अर्थातच त्याच्या खास शैलीत.