18,000 टनांत 12 इंची 10 तोफा, 12 इंच चिलखत आणि 26 नॉट वेग: 1908 सालची अशी काल्पनिक युद्धनौका जमेल का?

नाही जमणार. तुमचं जहाज शत्रू बुडवूच शकणार नाही, कारण मुळात ते तरंगणार नाही. एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ‘एक्सेलमध्ये वजनाची बेरीज बरोबर येते आहे’, आणि तिथं माझी खपली निघाली. माझीही यायची.

पंधराएक वर्षांपूर्वी मी भोसरीत प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या एका शॉपमध्ये ड्रॉइंगला होतो. (प्रेशर व्हेसल म्हणजे दाब सोसणाऱ्या पोलादी टाक्या.) फावल्या वेळात कागदी युद्धनौका बांधायचा नाद. तेव्हाची माझी लाडकी म्हणजे ‘कान्होजी’: 17,000 टन, 12 इंची 8 तोफा, 10 इंची पट्टा (पाणरेषेवर दोन्ही बाजूंनी बसवलेलं चिलखत), 27 नॉट. बेरीज 16,940. वर साठ टन शिल्लक! गुरुवारची सुट्टी म्हणून बुधवारी संध्याकाळी शॉप निवांत असायचं. तेव्हा ती शीट मी एस्टिमेशनच्या काकांना दाखवली. (सगळे त्यांना काकाच म्हणायचे, मालकसुद्धा.) त्यांनी वरून खाली एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, “शिडी कुठंय?”

मी हसलो. ते हसले नाहीत. आमच्या धंद्यात शेल आणि डिश एंडचं, म्हणजे टाकीच्या अंगाचं आणि टोकांच्या झाकणांचं वजन शेंबडं पोरही काढतं. टेंडरमध्ये मार बसतो तो नोझल (पाइप जोडायची तोंडं), सॅडल (टाकीखालचे टेकू), प्लॅटफॉर्म आणि शिडीत. “नांगर? त्याची साखळी? बोटी? सातशे माणसांचं पिण्याचं पाणी? बॉयलरमधलं पाणी तरी धरलंस का?” 1906 सालची ब्रिटिश युद्धनौका ड्रेडनॉट, 12 इंची 10 तोफांची; तिच्या मूळ हिशेबात असल्या किरकोळ सामानालाच 650 टन धरले होते. माझ्याकडे तो रकानाच नव्हता.

मग कोळसा. मी 500 टन टाकला होता. ड्रेडनॉटच्या हिशेबात 900 टन होता, पण बंकर (कोळशाची कोठारं) गच्च भरले की 2,900 टन मावायचा. तेवढा भरला की जहाज इतकं खाली बसायचं की तिचा 11 इंची पट्टा पाण्याखाली जायचा. म्हणजे एवढ्या महागाच्या चिलखताने राखायचं कुणाला, माशांना? काल्पनिक डिझाइन करणारा हा खड्डा हमखास विसरतो. पट्ट्याची उंची ठरवताना पूर्ण भरलेल्या जहाजाची पाणरेषा धरा.

काकांनी मग डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर 7.85 चा (पोलादाची घनता, घनमीटरला टन) हिशेब मांडला. तुमच्या 12 इंचांना तोच लावा: 305 मिमी गुणिले 7.85, चौरस मीटरला 2.4 टन. पट्टा 120 मीटर लांब, साडेचार मीटर उंच, दोन्ही बाजू मिळून साधारण 2,600 टन. टरेट (तोफांचे फिरते बुरूज), बार्बेट (टरेटखालचं चिलखती नळकांडं), डेक, कॉनिंग टॉवर (जहाज चालवायची चिलखती खोली) अजून शिवलेलेच नाहीत.

वेगाची गोष्ट तर याहून वाईट. लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. ड्रेडनॉटला 21 नॉटसाठी 23,000 अश्वशक्ती होती. त्यावरून 25 नॉटला 39,000 च्या आसपास येते, आणि त्याच काळातल्या ब्रिटिश बॅटलक्रूझर (वेगवान, पण कमी चिलखताची मोठी युद्धनौका) इन्व्हिन्सिबलला खरोखरच 41,000 ची टर्बाइन बसवली. बॉयलर 18 चे 31 झाले. यंत्रसामग्री 2,050 टनांवरून 3,390 वर गेली आणि चिलखत 5,000 वरून 3,460 वर आलं. तोफा 10 च्या 8, पट्टा 11 इंचांचा 6 इंच. तुमच्या 26 नॉटला 44,000 च्या आसपास लागेल. शिवाय बॉयलर वाढले की खोल्या लांबतात, खोल्या लांबल्या की त्यांना झाकणारा पट्टा लांबतो, आणि त्या वजनासाठी पुन्हा ताकद हवी.

आता त्या 6 इंचांवरून काका आणि माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. 31 मे 1916, जटलंड: पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची मोठी लढाई. इंडिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल, तिन्ही ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोट होऊन गेल्या. इन्व्हिन्सिबलवरची 1,026 माणसं गेली, सहा वाचली. काकांचं म्हणणं एकच: “पत्रा होता रे तो. पत्र्याचं घर घेऊन वादळात गेले.”

साफ चूक. इन्व्हिन्सिबल गेली ती मधल्या टरेटवर गोळा बसून, पट्टा फुटून नव्हे. आग तिथून खाली दारूकोठारात गेली, कारण ब्रिटिश तोफखाने वेगाने मारा करायच्या नादात कॉर्डाइटच्या (तोफेच्या दारूच्या) पिशव्या बाहेर रचून ठेवायचे आणि कोठाराची दारं उघडी टाकायचे. जर्मन बॅटलक्रूझर सायडलिट्झ बघा. 24 जानेवारी 1915 ला उत्तर समुद्रात डॉगर बँकेजवळ ब्रिटिश बॅटलक्रूझर लायनचा गोळा तिच्या मागच्या बार्बेटच्या जाड चिलखताला भोक पाडून फुटला. मागचे दोन्ही टरेट जळून खाक, दीडशेहून जास्त माणसं गेली, पण जहाज वाचलं, कारण कोठारात वेळेवर पाणी सोडलं आणि जर्मनांची मुख्य दारू पितळी पुंगळीत असायची. जटलंडला लायनच्याही टरेटवर असाच घाव बसला. त्या टरेटच्या प्रमुख मेजर हार्वीने मरता मरता कोठारात पाणी सोडायला लावलं आणि लायन घरी परतली. चिलखत क्वीन मेरीसारखंच, पण दारं बंद. यावर काका ‘फॉन डेर टान’ (एक जर्मन बॅटलक्रूझर) एवढंच म्हणायचे आणि चहा मागवायचे.

त्यांचा तो मुद्दा तुमच्या मात्र कामाचा आहे. फॉन डेर टान 20,000 टनांच्या आतली, डिझाइनचा वेग 25 नॉटच्या किंचित खाली, पट्टा 250 मिमी. हे जमलं कसं? तोफा 8 आणि त्याही 28 सेंमीच्या, म्हणजे 11 इंची. जर्मनांनी तोफेचा आकार सोडला. जटलंडला इंडिफॅटिगेबल बुडवली ती हिनेच. तेव्हा तुम्हीही आधी काय सोडणार ते ठरवा आणि मग शीट उघडा. माझ्या मते 26 नॉट सोडा, 21-22 ला या, तोफा 10 राहतील. वेगच हवा असेल तर 8 तोफा घ्या आणि टन वाढवा. स्प्रिंगशार्पमध्ये (काल्पनिक युद्धनौका तपासायचं सॉफ्टवेअर) आकडे घालून बघा. सांगाड्याची ताकद 1 च्या खाली आली की ते सांगतं. पण जादा किरकोळ सामानाचं वजन तिथंही तुम्हालाच टाकावं लागतं.

हो, मी काही नौदलाचा अभियंता नाही. घनाचा नियम अंदाजापुरता आहे. लांबी-रुंदी बदलली की आकडा हलतो. पट्ट्याचं वजनही जाडी सगळीकडे सारखी धरून काढलंय, खऱ्या जहाजात तो टोकांकडे पातळ होतो. आणि जटलंडच्या तिन्ही जहाजांचं कारण सारखंच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. काकांसमोर सांगेन.

काका आता निवृत्त आहेत. गेल्या दिवाळीला फोनवर पुन्हा तिथंच आलो. शेवटी म्हणाले, “एवढी खात्री आहे ना? मग कान्होजीला लाव की सहा इंची पट्टा.”

कान्होजीच्या आताच्या शीटमध्ये वेग 23 नॉट आहे. पट्टा दहाच इंची ठेवलाय.