आधी वाचायला लाव

प्रिय पोरी,

काल भर दुपारी सीताबर्डीहून स्कूटी हाणत आलीस आणि कूलरसमोर बसायच्या आधी बॉक्स फाइल माझ्या पुढ्यात आपटलीस. कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या प्रस्तावात तुझा ऑनलाइन निबंध धरायचा नाही, असं छाननीत तोंडी सांगितलं म्हणे. मग दोन हजार भरून तोच कुठल्याशा मासिकात छापून घेऊ का, हा तुझा प्रश्न. काल चिडलो. आजही चिडलेलाच आहे, पण लिहितो.

छापून घेऊ नकोस. पैसे मोजून मिळणार काय, तर आयएसएसएनचे आठ आकडे. ती नियतकालिकाची ओळखखूण, दर्जाचा शिक्का नव्हे. हे तुला सांगायला नको. मान्य नियतकालिकांच्या यादीचं म्हणशील, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये तिच्यातून एका झटक्यात ४,३०५ नियतकालिकं वगळली, २०१९ मध्ये केअर यादी आणली आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. यादी बदलत राहते. निबंध तोच राहतो आणि तो वाचावाच लागतो. वाचायला लाव त्यांना!

नागनदीचे जुने-नवे नकाशे एकावर एक सरकवत तू जे दाखवलंस, ते कागदावर सरकणार कसं? तेव्हा फाइलमध्ये डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक घाल, कोणती आवृत्ती ते लिही, जतन केलेल्या प्रतीचा पत्ता दे. परीक्षकांनी काय खोडलं आणि तू काय उत्तर दिलंस, ते दोन पानांत लाव. समितीसमोर लॅपटॉप उघडून बस. गुण मागू नकोस, वाचा म्हण. रशियन गणितज्ञ पेरेलमानने पॉइनकारेच्या अनुमानाची सिद्धता २००२-०३ मध्ये अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर टाकली, नियतकालिकात कधी दिलीच नाही. गणितज्ञांनी ती वर्षानुवर्षं वाचली, तपासली, तेव्हा कुठे गणितातलं २००६ चं फील्ड्स पदक जाहीर झालं (त्याने ते नाकारलं, ही गोष्ट वेगळी). कुणीतरी बसून वाचलं, एवढंच.

आता माझं. मी अशाच एका समितीत होतो. गडचिरोलीकडच्या एका बाईंनी माडिया शब्दांचा बोलका कोश केला होता. फाइलच्या टॅगला पेनड्राइव्ह बांधलेला, सोबत छापून काढलेली पानं. जिथे आवाज ऐकू यायचा, तिथे नुसतं भोंग्याचं चित्र. मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'छापील प्रकाशन नाही. अपात्र.' त्या दिवशी टेबलावर फायलींचा ढीग होता, सह्या आम्हा सगळ्यांच्या होत्या, आणि नियमाला धरूनच होतं ते. नियमात मी चुकलो नव्हतो, हे आजही म्हणेन. पण पेनड्राइव्ह लावून बघायला किती वेळ लागला असता? बाई फाइल न्यायला आल्या, तेव्हा टॅगची गाठ नखांनी सोडवत उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

म्हणून तुझ्यावर ओरडलो. तुझी चूक नव्हती.

सोमवारी परत ये, लॅपटॉप घेऊन. आणि तो नकाशा मला सरकवून दाखव. काल मीही फाइलची नुसती पानंच मोजली.

तुझा,
सर