प्रोसेसरचे काउंटर वाचायची आवड आहे, पण याला नोकरी कुठे?

प्रश्न : मी सांगलीजवळच्या एका महाविद्यालयात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला लिनक्सवरचं 'पर्फ' हे प्रोग्रॅमचा वेग तपासायचं टूल वापरलं आणि तेव्हापासून त्याचा नादच लागलाय. प्रोसेसरमधले हार्डवेअर काउंटर, म्हणजे आत घडणाऱ्या घटना मोजणारे आकडे, त्यातून वाचता येतात. पण माझा प्रोग्रॅम एकटा चालवला तर एक आकडे येतात आणि लॅबमध्ये त्याच मशीनवर इतरांची कामं सुरू असताना दुसरेच. पूर्ण मशीनचे आकडे बघायला गेले तर परवानगी नाही असा मेसेज येतो. घरी लॅपटॉपवर विंडोजमध्येच व्हर्च्युअलबॉक्स टाकून पाहिलं, तर सायकलच्या (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांच्या) ओळीत 'नॉट सपोर्टेड' येतं. मैत्रिणी म्हणतात, हे सोड आणि फुल-स्टॅक (वेबसाइटच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजू बनवणं) शीक. बाबांनी माझ्या शिक्षणासाठी कर्ज काढलंय. ते विचारतात, याला नोकरी कुठे आहे? मी काय करू?

उत्तर : आधी तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देते. नोकरी आहे आणि चांगली आहे. मात्र 'परफॉर्मन्स इंजिनिअर' या नावाच्या जागा थोड्या असतात आणि त्या बहुधा काही वर्षं काम केलेल्यांसाठी निघतात. नुकती पदवी घेतलेल्या मुलीने या क्षेत्रात शेजारच्या कामातून शिरायचं असतं : ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर, डेटाबेस, क्लाउड, चिपची तपासणी किंवा सुपरकॉम्प्युटिंग. एकदा आत गेलं की जिला नीट मोजता येतं तिच्याकडे 'हे इतकं हळू का चालतंय?' हा प्रश्न घेऊन लोक येतातच. त्यामुळे 'पर्फ की फुल-स्टॅक' अशी निवड करायची वेळ तुझ्यावर आलेलीच नाही.

आता तुझ्या पत्रातलं मला सर्वात आवडलेलं वाक्य. एकटा चालवला तर एक आकडे, इतरांची कामं सुरू असताना दुसरे. तू ते तक्रार म्हणून लिहिलंयस, पण या व्यवसायातलं खरं काम तिथूनच सुरू होतं.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के दिसतो तेव्हा तो रिकामा बसलेला नाही, एवढंच कळतं. रॅममधून डेटा यायची वाट बघत थांबलेला वेळही त्यात कामाचा म्हणूनच धरला जातो. रॅमपर्यंत जाऊन यायला साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरच्या हिशेबात त्या २४० ते ३०० सायकल झाल्या. प्रोसेसरचा आजचा एक कोअर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) एका सायकलमध्ये चार किंवा त्याहूनही जास्त इन्स्ट्रक्शन पूर्ण करू शकतो. मग एखाद्या मशीनवर सायकलमागे अर्धीही इन्स्ट्रक्शन पुरी होत नसेल, तर ते १०० टक्के 'व्यस्त' मशीन बराच वेळ ताटकळत उभं आहे. हे फक्त काउंटरच सांगू शकतात, कारण ते मोजमाप प्रोसेसरच्या आत होत असतं.

१९९३च्या पेंटियममध्ये असे काउंटर होते, पण इंटेलने त्यांची माहिती खुली केली नव्हती. नॉर्वेच्या टेर्ये मॅथिसन यांनी ती शोधून काढली आणि १९९४ मध्ये 'बाइट' मासिकात छापली. पुढे १९९७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संशोधकांनी अल्फा प्रोसेसरवर पूर्ण मशीनचं, म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), लायब्ररी आणि सगळे प्रोग्रॅम यांचं मिळून, सतत मोजमाप करून दाखवलं. त्याचा बोजा १ ते ३ टक्के इतकाच होता. तू वापरतेस ते 'पर्फ' लिनक्समध्ये आलं २००९ साली, २.६.३१ या आवृत्तीत.

पूर्ण मशीन मोजायची गरज का पडते, याचं उत्तर तुझ्या लॅबमध्येच आहे. प्रत्येक कोअरची स्वतःची लहान कॅश (रॅमहून जलद अशी डेटाची तात्पुरती साठवण) असते, पण शेवटच्या पातळीची मोठी कॅश आणि रॅमकडे जाणारा मार्ग सगळ्यांना मिळून वापरावा लागतो. शेजारच्या कोअरवर कोणी मोठी फाइल कॉम्प्रेस करायला लावली की तुझा डेटा त्या कॅशमधून बाहेर फेकला जातो. तुझ्या कोडमध्ये एका अक्षराचाही बदल झालेला नसतो, तरी कॅश मिस, म्हणजे हवा तो डेटा कॅशमध्ये न सापडण्याच्या घटना, वाढतात. फक्त तुझ्या प्रोसेसचे काउंटर बघितले तर परिणाम दिसेल, पण तो कोणामुळे झाला हे कळणार नाही. शिवाय मेमरी कंट्रोलरचे (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाचे) काउंटर कुठल्याही एका प्रोसेसशी जोडलेले नसतात. ते पूर्ण मशीनचेच वाचावे लागतात. 'पर्फ स्टॅट'ला 'ए' हा पर्याय द्यायचा तो यासाठी.

परवानगीचा मेसेज येतो तो सुरक्षेपोटी. सगळ्या मशीनचे काउंटर वाचता आले की इतरांच्या प्रोग्रॅमबद्दलही काही ना काही कळू शकतं, म्हणून साध्या वापरकर्त्याला ते बंद असतात. ते उघडायला रूटचे (मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार किंवा २०२० पासून कर्नलमध्ये असलेली 'कॅप पर्फमॉन' ही वेगळी मुभा लागते. लॅबमधलं हे सेटिंग परस्पर बदलू नकोस. लॅब इन्चार्जना भेटून एखादं जुनं, नेटवर्कपासून तोडलेलं मशीन प्रयोगासाठी माग. लेखी अर्ज दे आणि त्यावर तुझ्या मॅडमची सही घे. आणि व्हर्च्युअलबॉक्समधल्या लिनक्सला खरे काउंटर मिळतच नाहीत, तुझं काही चुकलेलं नाही. लॅपटॉपवर लिनक्स थेट टाक, किंवा निदान पेन ड्राइव्हवरून चालव. इंटेलचा बाराव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असेल तर त्यात बहुधा दोन जातींचे कोअर सापडतील. 'पर्फ' त्यांचे आकडे वेगवेगळे दाखवतं. ते बघून गोंधळू नकोस, आणि त्यांची सरसकट बेरीजही करू नकोस.

प्लेसमेंटच्या आधी एक प्रयोग मात्र नक्की कर. ४०९६ बाय ४०९६ चा डबलचा (८ बाइटच्या दशांश संख्यांचा) मॅट्रिक्स घे. तो १२८ एमबीचा होतो. त्याची बेरीज एकदा ओळीने कर, एकदा स्तंभाने. कॅशची एक लाइन ६४ बाइटची, म्हणजे तिच्यात आठ डबल बसतात. ओळीने गेलीस तर आणलेल्या लाइनमधले आठही आकडे वापरले जातात. स्तंभाने गेलीस तर दर वेळी नवी लाइन, आणि त्यातला एकच आकडा कामाला येतो. इन्स्ट्रक्शनची संख्या दोन्हीकडे जवळपास सारखी राहायला हवी; सायकल आणि कॅश मिस कुठे जातात ते बघ. आधी कंपायलरने लूपची अदलाबदल केली नाही ना, हे असेम्ब्ली (प्रोसेसरच्या सूचनांच्या रूपातला कोड) उघडून तपास.

मग दुसऱ्या कोअरवर मोठी मेमरी कॉपी करणारा प्रोग्रॅम सुरू ठेव आणि हेच पुन्हा मोज. त्याच्या जोडीला १२८ बाय १२८ चा छोटा मॅट्रिक्सही घे, त्याची बेरीज लाखभर वेळा कर. तो १२८ केबीचा, म्हणजे बहुतेक मशीनवर कोअरच्या स्वतःच्या कॅशमध्ये मावणारा. शेजाऱ्याच्या गडबडीचा त्याला फारसा त्रास होऊ नये. झालाच, तर का झाला हे शोधण्यात तुझे पुढचे दोन आठवडे सत्कारणी लागतील.

मोजताना चार्जर लावलेला ठेव, प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी स्थिर कर, प्रोग्रॅम एकाच कोअरला बांध आणि 'पर्फ'ला दहा वेळा चालवायला सांग. प्रत्येक आकड्याबरोबर तो किती हलतो हेही ते देतं. एकदाच चालवून मिळालेल्या आकड्यावर विसंबून काही लिहू नकोस.

आणखी एक गोष्ट समजून घे, कारण मी मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत असते तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. काउंटर मोजकेच असतात. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड, म्हणजे दोन कामं, एकाच वेळी चालवणं) सुरू असलेल्या इंटेलच्या अनेक पिढ्यांत प्रत्येक थ्रेडला ठरावीक कामाचे तीन आणि आपल्या मर्जीने लावता येणारे चार. त्यातला एक बऱ्याचदा लिनक्सचा वॉचडॉगच (मशीन अडकलंय का यावर नजर ठेवणारी यंत्रणा) अडवून बसतो. तू एकदम दहा घटना मोजायला सांगितल्यास की कर्नल त्यांना आळीपाळीने काउंटर देतं आणि 'पर्फ' उरलेल्या वेळाचा अंदाज बांधून आकडा वाढवून दाखवतं. उजवीकडे कंसात जी टक्केवारी येते ती हीच : ती घटना खरोखर किती वेळ मोजली गेली. कंसात ३० टक्के असतील तर तो आकडा मोजलेला नाही, अंदाजलेला आहे. लहान प्रोग्रॅमवर तो साफ फसवू शकतो. थोड्या घटना घे, दोन-तीन फेऱ्यांत मोज.

या सगळ्याचा चार पानी अहवाल कर : मशीनचं मॉडेल, कर्नलची आवृत्ती, प्रश्न काय होता, काय मोजलं, काय निघालं, आणि कशाचं कारण सापडलं नाही. कोडसह तो गिटहबवर ठेव. रेझ्युमेवर दहा प्रमाणपत्रांच्या यादीपेक्षा याचं वजन जास्त पडेल, असं माझं ठाम मत आहे.

आता जागा. इंटेल, एएमडी, क्वालकॉम यांची चिपशी संबंधित कामं बंगळुरू आणि हैदराबादला चालतात. एनव्हिडियाचं कार्यालय पुण्यातही आहे. पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आहे, १९८८ साली स्थापन झालेली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर बनवणारी. तिथला सुपरकॉम्प्युटर सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा पदव्युत्तर डिप्लोमा तुझ्या आवडीला जवळचा आहे. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. एम.टेक. करायचं मनात असेल तर गेट दे. ती परीक्षा फेब्रुवारीत असते, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसता येतं आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम हे तुझे आवडीचे विषय त्यात आहेतच. आर्किटेक्चरवर चांगलं संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांकडे जाण्याचा तो सरळ रस्ता आहे. सी आणि सी++ पक्कं कर, असेम्ब्ली लिहिता आली नाही तरी वाचता यायला हवी, आणि संख्याशास्त्राचा कंटाळा करू नकोस.

तुझ्या बाबांना हे वाचून दाखव : दादा, तुमची काळजी रास्त आहे. कर्जाचा हप्ता मुलीच्या आवडीसाठी थांबत नाही. म्हणून कॅम्पसमध्ये बॅकएंडची (सर्व्हरवर चालणारे प्रोग्रॅम लिहिण्याची) बरी नोकरी मिळाली तर तिने ती घ्यावी असंच मी सांगते आहे. पण या विषयाला बाजारात किंमत का आहे, तेही बघा. १०,००० सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीत कोणी १ टक्का काम वाचवलं तर १०० सर्व्हरचा आणि त्यांच्या विजेचा खर्च वाचतो. एआयच्या लाटेत हा हिशेब आणखी मोठा झालाय, आणि जीपीयूमध्येही (एआयची आकडेमोड करणाऱ्या चिपमध्येही) असेच काउंटर असतात. मुलगी शिकतेय ते वाया जाणारं नाही.

अशी नोकरी लागली तर एक अडचण येईल, ती आताच सांगून ठेवते. क्लाउडवरच्या बऱ्याच व्हर्च्युअल मशीनमध्ये हार्डवेअर काउंटर बंद किंवा अपुरे असतात. तिथे घड्याळाच्या ठोक्यावर नमुने घेऊन फ्लेम ग्राफ काढायचा. कुठल्या फंक्शनमध्ये वेळ जातो ते त्यातून कळतं. का जातो हे कळायला मात्र पूर्ण मशीन हाताशी लागतं, आणि ते कधी मागायचं हे तुला माहीत असेल.

चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरतात त्याआधी तुझ्या गाइडना भेट. 'लॅबमधल्या मशीनवर शेजारच्या कामामुळे डेटाबेसचा वेग किती आणि का घटतो' हा विषय मांड. डेटाबेस त्यात मुद्दाम घातलाय. त्यामुळे प्रोजेक्ट गाइडनाही पटेल आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांनाही समजेल.