अहवालामागची वही

प्रश्न : ताई, मी चार वर्षं फौजदारी वकिली करते आहे. मी कला शाखेची, विज्ञानाशी संबंध शाळेतच संपला. परवा एका खुनाच्या खटल्यात डीएनए तज्ज्ञ साक्षीला आले आणि माझी उलटतपासणी चार प्रश्नांत आटोपली. "तुमची चूक होऊ शकते ना?" असं विचारलं, ते शांतपणे "नाही" म्हणाले आणि मी खाली बसले. आता बचाव पक्षाच्या वकिलांसाठी न्यायवैद्यक पुराव्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. जाऊ का? की सरळ आपल्या बाजूनं एक तज्ज्ञ उभा करावा?

उत्तर : तुमचा तो प्रश्न मीही एकदा विचारला आहे, अगदी याच शब्दांत. वर माझ्या साक्षीदारानं "नाही" म्हटल्यावर मी "नक्की?" असंही विचारलं! अशिलाचा त्या वेळचा चेहरा अजून आठवतो.

प्रशिक्षणाला जा, पण कार्यक्रमपत्रिका आधी मागवून घ्या. दोन दिवस नुसती व्याख्यानं असतील तर जाऊ नका. प्रयोगशाळेची अख्खी फाइल हातात देणार असतील आणि एखाद्या खऱ्या वैज्ञानिकाची उलटतपासणी तुमच्याकडून करून घेणार असतील, तर उसनवारी करूनही जा. मी गेले होते तिथे आम्हाला बोटांच्या ठशांच्या दहा जोड्या दिल्या होत्या. आमच्या टेबलावरच्या कागदात सहाव्या जोडीखाली एक ओळ जास्तीची होती : 'संशयितानं कबुली दिली आहे.' आम्ही सगळ्यांनी 'जुळतो' लिहिलं. शेजारच्या टेबलावर ती ओळ नव्हती, तिथे 'सांगता येत नाही'. ठसे तेच होते. आम्ही वकील, नवशिके, म्हणून सोडून द्यावं, तर 2006 मध्ये इटिएल ड्रोर या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या पाच तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे न सांगता पुन्हा दाखवले. या वेळी सोबत सांगितलं, की हे एका गाजलेल्या चुकीतले ठसे आहेत. पाचांपैकी चौघांचा निष्कर्ष बदलला.

आता तुमच्या डीएनए तज्ज्ञांकडे येते. त्यांच्याशी विज्ञानात झुंजायला जाऊ नका, हराल. कोर्टात आलेला अहवाल बहुधा पान-दोन पानांचा असतो. त्यामागे वही असते : टेबलावर काम करताना लिहिलेल्या नोंदी, यंत्रातून निघालेले आलेख, मुद्देमाल कुणी कधी उघडला आणि पुन्हा सील केला याची नोंद, आणि मुद्दाम नमुना न घालता चालवलेल्या कोऱ्या नळीचा निकाल. त्या कोऱ्या नळीत डीएनए दिसला, तर बाकीच्या नळ्यांबद्दल काय बोलायचं? ही वही खटला उभा राहण्याआधीच लेखी मागा. दिली नाही, तर तसा अर्ज करा. अर्ज फेटाळला, तरी तो नोंदीवर राहतो आणि अपिलात उपयोगी पडतो.

इंग्लंडमधल्या सॅली क्लार्कचा खटला आठवा. दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल 1999 मध्ये तिला दोषी ठरवलं. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो आकडा : एकाच घरात असे दोन नैसर्गिक मृत्यू होण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक. असा एक मृत्यू 8,543 त एक धरून, 8,543 ला 8,543 नं गुणून काढलेला, जणू दोन भावंडांचं रक्त आणि घर यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही! आकडा चुकीचाच होता. पण 2003 मध्ये ती सुटली ती मुख्यतः दुसऱ्या एका कागदामुळे. धाकट्या मुलाच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला कधी दिलेच नव्हते, ते नंतर दवाखान्याच्या कागदपत्रांत सापडले. तोवर तिची तीन वर्षांहून जास्त तुरुंगात गेली होती.

'अब्जात एक' हा आकडा ऐकून घाबरू नका. कुणातरी भलत्याच माणसाचा डीएनए असाच निघण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. तो तिथे कसा आणि कधी पोचला, हे त्यात येत नाही. 2012 मध्ये कॅलिफोर्नियात खून झालेल्या माणसाच्या नखांखाली ज्याचा डीएनए सापडला, तो त्या रात्री रुग्णालयात दाखल होता. त्याच संध्याकाळी त्याला उचलून नेणारे रुग्णवाहिकेचे कर्मचारीच नंतर मृताकडे गेले होते. आणि जर्मनीत पोलीस कित्येक वर्षं जिच्या मागे होते, जिचा डीएनए सुमारे 40 ठिकाणी मिळाला होता, ती 'गुन्हेगार बाई' 2009 मध्ये कापसाच्या बोळ्यांच्या कारखान्यात सापडली. पोलीस नमुने टिपायला वापरत त्या बोळ्यांवर तिथल्याच कामगार बाईचा डीएनए लागला होता. बोळे निर्जंतुक होते, डीएनएमुक्त नव्हते. म्हणून "चूक होऊ शकते ना?" ऐवजी विचारा : हा डीएनए कोणत्या पेशींतून आला, तुम्ही तपासलंत का? स्पर्शाशिवाय तो तिथे पोचू शकतो का? या प्रयोगशाळेत मागच्या वर्षी दूषित नमुन्यांच्या नोंदी किती झाल्या? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी वहीत वाचून ठेवलेलं हवं, नाहीतर तोही उलटेल.

राहिला आपल्या तज्ज्ञाचा प्रश्न. हवाच, निदान सल्ल्यापुरता तरी. पण त्याच्यावर निर्धास्त राहू नका. 2004 च्या माद्रिद रेल्वे स्फोटांत एका पिशवीवरचा ठसा एफबीआयनं ब्रँडन मेफिल्ड या अमेरिकन वकिलाचा ठरवला. आपल्यातलाच माणूस! स्पॅनिश पोलिसांनी जुळत नाही असं आधीच कळवलं होतं. तरी त्याला दोन आठवडे कोठडीत ठेवलं, आणि बचावासाठी न्यायालयानं नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानंही ठसा त्याचाच म्हणून सांगितलं. नंतर तो अल्जीरियातल्या दुसऱ्याच माणसाचा निघाला.

तेव्हा तुमच्या तज्ज्ञाला सरकारी अहवाल पहिल्याच दिवशी पाठवू नका. आधी घटनास्थळावरचा ठसा किंवा आलेख एकटाच द्या, त्यात जे दिसतं ते तारीख घालून लिहून घ्या, मग आरोपीचा नमुना द्या. पोलिसांचा निष्कर्ष सगळ्यात शेवटी.