डायहायड्रोजन मोनॉक्साइड एवढं घातक आहे, तर त्यावर बंदी का नाही?

मावशींनी पाठवलेल्या मेसेजमध्ये तुम्ही वाचलंत की हे रसायन फुप्फुसात गेलं तर माणूस मरतो, त्याच्या वाफेने भाजतं, लोखंड गंजतं, आम्लवर्षेत ते असतं आणि कॅन्सरच्या गाठींतही सापडतं. हे सगळं खरं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

एकूण एक वाक्य खरं आहे. हे रसायन म्हणजे पाणी. फुप्फुसात गेलं म्हणजे बुडणं. आम्लवर्षा म्हणजे पाऊसच, त्यात आम्लं मिसळलेली. गाठीत ते सापडतं, कारण शरीरातल्या प्रत्येक पेशीत ते असतंच.

मूळ थट्टा अमेरिकेतली. १९८३ मध्ये मिशिगनमधल्या ड्युरंड गावच्या साप्ताहिकाने एक एप्रिलला ती छापली होती. १९९७ मध्ये आयडाहोतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी अशीच यादी नववीच्या पन्नास मुलांपुढे ठेवली. त्रेचाळीस जणांनी बंदीच्या बाजूने मत दिलं, हे पाणी आहे हे ओळखलं एकानेच. मोठ्यांचंही तेच. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलिसो व्हिएहो शहराच्या नगर परिषदेपुढे फोमच्या कपांवर बंदीचा प्रस्ताव आला, त्यात एक कारण होतं, कप बनवताना हे रसायन वापरतात. लक्षात आल्यावर विषय मागे घेतला.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. ही यादी वर्गात वाचली की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, मग कंपन्या हे नदीत सोडतात का?" मुलं ढ नसतात. प्रत्येक वाक्य खरं असल्यामुळे खोटं पकडायला जागाच उरत नाही. किती प्रमाणात आणि कोणत्या मार्गाने शरीरात गेलं तर, एवढंच त्यातून गाळलेलं असतं. थोड्या वेळात भरमसाट पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरून जीवही जाऊ शकतो, म्हणून कोणी तांब्या फेकून देत नाही.

पाण्याचं सोडा, मला खरी चीड मिठाच्या मेसेजची येते. "मिठात सायनाइड!" मीठ ओलसर होऊन गोळे होऊ नयेत म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात, हे खरंच. पण त्यातलं सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं, आणि आपल्याकडे परवानगी आहे किलोमागे दहा मिलिग्रॅमपर्यंतच. मेसेजमध्ये यातलं काहीच नसतं. तो वाचून एखादी बाई आयोडीनयुक्त मीठ बंद करते, आणि आयोडीन कमी पडलं तर गलगंडाचा धोका खरा असतो. गरोदरपणात तर पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

मावशींना ग्रुपवर चारचौघांत उत्तर देऊ नका, फोन करा. हे पाणीच आहे म्हणून सांगा, आणि बोलता बोलता घरात मीठ कोणतं वापरतात तेही विचारून घ्या.